चौथ्या रांगेपासून मागे

९ जानेवारी

दादा,

नमस्कार घालत नाही. कंबर वाकत नाही हे खरं, पण वाकत असती तरी घातला नसता. अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणजे हा नमला, असा अर्थ काढून चष्मा पुसत बसू नकोस. काम आहे म्हणून लिहितोय.

आधी बातमी. मी कॉलेजात जातो. हसून घे. आक्का फोनवर इतकी हसली की तिची कवळी निसटली, असं तिनेच सांगितलं. घरी ही म्हणते, "लोक एकाहत्तराव्या वर्षी बागेत फेऱ्या मारतात, आमचं हे दप्तर घेऊन निघतं." पण डबा तीच भरते, आणि पट्टी-पेन्सिली घेतल्या का म्हणून दारात तपासतेसुद्धा.

दीड वर्षाचा अभ्यासक्रम आहे. नाव लांबलचक: गुंतागुंतीच्या इमारतींचं बांधकाम तंत्रज्ञान आणि डिझाइन डेव्हलपमेंट. हॉस्पिटलं, विमानतळ, नाट्यगृहं, म्हणजे ज्यांच्या एकेका भिंतीत पाच-पाच जणांची कामं घुसलेली असतात अशा इमारती. प्रवेशाला पदविका लागते, नसेल तर तीस वर्षांचा अनुभव. माझा चौतीस वर्षांचा निघाला. पुरावा म्हणून तू दिलेलं नेमणूकपत्र जोडलं. त्यावर तुझी तरुणपणची सही आहे, उधळलेल्या घोड्यासारखी. कारकून म्हणाला, "आजोबा, ही सही कुणाची?" म्हटलं, "होता एक."

पहिल्या दिवशी बाईंनी फळ्यावर दोन चौकोन काढले. आम्हाला शिकवणाऱ्या बाई वयाने माझ्या सुनेएवढ्या आहेत, आवाज मात्र साइटवरच्या मुकादमाचा. एका चौकोनात लिहिलं 'कल्पना', दुसऱ्यात 'बांधकाम', आणि मधल्या मोकळ्या जागेवर खडू आपटून म्हणाल्या, "इमारती इथे बिघडतात. या जागेला डिझाइन डेव्हलपमेंट म्हणतात." मला हसू फुटलं. दादा, ती मोकळी जागा म्हणजे तुझ्या टेबलापासून माझ्या टेबलापर्यंतची आठ फूट लांबीची फरशी. चौतीस वर्षं मी तिच्यावरून तुझे चिटोरे घेऊन ये-जा केली. तिला नाव आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता काम. शेवटच्या सहामाहीत प्रत्येकाला एक बांधलेली इमारत घेऊन तिचा हा मधला टप्पा पुन्हा करून दाखवावा लागतो: कुठे काय चुकलं, आज कसं केलं असतं. परीक्षकांपुढे उभं राहून बोलायचं. मी आपलं नाट्यगृह घेतलंय.

हो, तेच. बाल्कनीतल्या चौथ्या रांगेपासून मागे रंगमंच दिसत नाही ते.

कॉलेजचा नियम असा की जुने नकाशे वापरायचे तर मूळ आर्किटेक्टचं परवानगीपत्र हवं. पंधरा मार्चला प्रकल्प जमा करायचा. नाही झाला तर वर्ष गेलं, आणि माझ्याकडे वर्षं काही गोदामात रचून ठेवलेली नाहीत. तेव्हा दोन ओळी लिही, सही कर, पाठव.

हीच इमारत का, हे तुला माहीत आहे. त्या बाल्कनीवरून बसलेल्या चौकशी समितीपुढे तू उभा राहिलास, मी मागच्या बाकावर होतो. अध्यक्षांनी विचारलं, चूक कुठे झाली. तू म्हणालास, "ड्राफ्टिंगची चूक आहे." मागे वळून बघितलंही नाहीस. बघायची गरज काय म्हणा, ऑफिसात ड्राफ्ट्समन एकच. दुसऱ्या दिवशी मी माझे गुण्ये आणि शाईची पेनं रुमालात बांधली आणि निघालो.

चूक कठड्याची होती. बाल्कनीच्या पुढचा कठडा सुरक्षेच्या नियमासाठी तू मीटिंगमध्ये वीतभर वाढवून आलास आणि मला सांगितलं नाहीस. मी प्लॅन बदलला नाही, उभ्या छेदाचा सेक्शन बदलला नाही, कारण मला कळलंच नव्हतं. कठडा वाढला, मागच्यांची नजर अडली. हे मी अकरा वर्षं रोज दाढी करताना आरशाला सांगत आलोय. आता परीक्षकांना सांगणार आहे. सेक्शन मांडून, नजरेच्या रेघा ओढून.

परवानगी पाठव.

तुझा,
रेघ्या
(हे नाव तूच ठेवलंस. ऑफिसात सगळ्यांदेखत हाक मारायचास.)


२८ जानेवारी

दादा,

पत्राला उत्तर नाही, आक्काला फोन मात्र केलास. तिने मला तुझी वाक्यं पाठ केल्यासारखी म्हणून दाखवली: "त्याला सांग, जगात दुसऱ्या इमारती आहेत. ती सोड म्हणावं."

मी म्हटलं, "आक्का, त्याला सांग, जगात दुसरे भाऊही असतात म्हणावं."

"मी काय पोस्टमन आहे का रे तुमचा?" आक्का ओरडली. "एकाने मारायचं, दुसऱ्याने फुगून बसायचं, आणि मधे मी. तुम्ही शाळेत होतात तेव्हाही हेच!"

तिला शाळा आठवली आणि मलाही. एक खोली, चार इयत्ता, एक मास्तर. तू चौथीच्या भिंतीकडे, मी पहिलीच्या दाराजवळ. मास्तरांनी स्वतः रचलेली डोंगराची कविता तू उभा राहून म्हणत होतास आणि मधेच अडकलास. तुझे कान लाल होताना मला दारातून दिसले आणि मी पहिलीतून ओरडून तुझी ओळ पुरी केली. मास्तरांनी दोघांना उभं केलं. तुला विसरल्याबद्दल, मला न विचारता बोलल्याबद्दल. घरी येताना तू मला ढकललंस. "कोणी सांगितलं होतं तुला?" म्हणालास. कोणीच नाही. कुणी सांगावं लागतं का?

असो. मी इथे आठवणी काढायला बसलेलो नाही.

इमारत मी सोडणार नाही. बाईंना जाऊन सांगितलं की मूळ आर्किटेक्ट परवानगी देत नाही. "ओळखीचे आहेत का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "तोंडओळख आहे." त्यांनी नियमांची वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "जुने नकाशे वापरायला परवानगी लागते. इमारत स्वतः टेप लावून मोजली, नकाशा स्वतः काढला, तर कोणाची लागत नाही. पण आजोबा, एवढं मोठं नाट्यगृह, या वयात?"

"बाई," मी म्हटलं, "मोजमाप गुडघ्यांनी घेत नाहीत."

वर्ग हसला. वर्ग माझ्यावर बऱ्याचदा हसतो, मला ते आवडतं. परवा तर हक्काने हसला. ऐक, तुलाही मजा वाटेल. हॉस्पिटलचा एक कच्चा नकाशा दिला होता, तो स्वच्छ करून त्यात सगळ्या नळ्या-वाहिन्या बसवायच्या. एक हवेची वाहिनी कुणीतरी मधेच वाकडी काढलेली. माझा हात शिवशिवला. चौतीस वर्षांची सवय, वाकडं दिसलं की सरळ. पट्टी लावली, रेघ ओढली, सुंदर दिसली. बाईंनी माझा कागद वर धरला. "आजोबांची वाहिनी ऑपरेशन थिएटरच्या तुळईतून आरपार गेलीय. ती वाकडी होती कारण तिथे तुळई होती." मग सगळ्या वर्गाला म्हणाल्या, "रेघ सरळ करण्याआधी ती वाकडी का आहे ते विचारा."

मला ते बोलणं जरा पुस्तकी वाटलं. प्रत्येक वाकड्या रेघेमागे तुळई नसते. तुझ्या वाकड्या रेघांमागे तर कधीच नव्हती, नुसती घाई असायची.

पुढच्या आठवड्यात मोजायला जातोय. हिला टेपचं दुसरं टोक धरायला नेतो. बघू कोण अडवतं.

रेघ्या


१७ फेब्रुवारी

दादा,

आज हात आखडलाय लिहायला. मोजून झालं, चार दिवस लागले.

नाट्यगृहात आता कोणी जुनं उरलेलं नाही, फक्त पडदेवाला आहे. उद्घाटनाच्या दिवशी दोर ओढायला होता तोच. डोक्यावर एक केस नाही, पण मला ओळखलं. "तुम्ही ते नकाशेवाले धाकटे ना?" म्हणाला. "थोरले कुठायत?" मी टेप उलगडत राहिलो.

बाल्कनीचं दार उघडलं. चौथ्या रांगेपुढे अजूनही जाड दोरी बांधलेली आहे, दादा. या खांबापासून त्या खांबापर्यंत. मागच्या खुर्च्यांवर धुळीची साय. पडदेवाल्याने फुंकर मारून एक खुर्ची साफ केली, तर तिच्यावरचा कारखान्याचा कागदी शिक्कासुद्धा निघालेला नव्हता. अकरा वर्षांत त्या खुर्चीवर कोणी बसलेलंच नाही.

आणि वाढवलेला कठडा नाही.

पुन्हा लिहितो, म्हणजे मलाही पटेल. कठडा नाही. पडदेवाला म्हणाला, "तो तर पहिल्याच वर्षी फोडला. वरचा वीतभर भाग काढून बारीक नळी लावली. वाटलं होतं दिसायला लागेल."

"मग?"

"मग काय, दोरी तशीच राहिली."

माझा विश्वास बसेना. हिला चौथ्या रांगेत बसवलं, पडदेवाल्याला तिच्या पुढच्या खुर्चीत, आणि मी खाली रंगमंचाच्या कडेला उभा राहिलो. "काय दिसतंय?" खालून ओरडलो.

"यांचं टक्कल!" वरून ही.

"आणि मी?"

"तुमचं टक्कल नाही दिसत. तुम्हीच नाही दिसत."

एकेक रांग मागे सरकवत दोघांना बसवलं. पाचव्यात तसंच, सहाव्यात त्याहून वाईट, सातव्यात ही म्हणाली की आता पडद्याची वरची झालर छान दिसतेय. पहिल्या तीन रांगांत मात्र स्वच्छ दिसतं, अगदी माझ्या चपलांसकट.

म्हणजे नजर कठड्याने अडत नव्हती. पुढच्याच्या डोक्याने अडत होती. पायऱ्या कमी पडताहेत. सहाच्या सहा पायऱ्या मोजल्या, सगळ्या सारख्या, छत्तीस सेंटिमीटर. एका सुताचाही फरक नाही. गवंड्याने माझा नकाशा अक्षर न् अक्षर पाळला होता.

बाईंना दाखवलं. त्यांनी एका कोऱ्या कागदावर डोळ्यापासून रंगमंचापर्यंत रेघा ओढून दाखवल्या. जसजसं मागे जाशील तसतशी पायरी थोडी थोडी उंच व्हायला हवी, म्हणाल्या. प्रत्येक आधीच्या पायरीपेक्षा जराशी जास्त. सारख्या पायऱ्या ठेवल्या तर मागच्यांना पुढच्यांची डोकीच बघावी लागतात. "हे मूळ आर्किटेक्टला माहीत नसेल असं वाटत नाही," असंही म्हणाल्या.

मलाही वाटत नाही. तू भांडखोर होतास, घाईचा होतास, रागीट होतास. पण अडाणी नव्हतास.

म्हणून मागतोय. बाल्कनीचं तुझ्या हातचं मूळ स्केच, मोठ्या मापातलं, एकास दहा, जे तू मला ट्रेस करायला दिलं होतंस. ते तुझ्याकडे असणार. तू कागद फेकत नाहीस. परवानगीपत्र नको तुझं. स्केच पाठव. परीक्षेत नाही दाखवणार, माझ्यासाठी हवंय.

याचा अर्थ मी नमलो असा नाही.

रेघ्या


३ मार्च

दादा,

नळी आली. पत्र्याची, ऑफिसात नकाशे ठेवायचो तीच, झाकणाला चिकटपट्टी लावलेली. आत चिठ्ठी नाही, एक शब्दही नाही. पण पत्ता तू स्वतः घातलायस. माझ्या घराचा नंबर तीन वेळा गिरवलाय आणि तरी सातचा दांडा पाण्यात पडलेल्या काडीसारखा हललाय.

सकाळी टेबल मोकळं केलं. स्केच उलगडलं, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली. हिने चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. पट्टी लावून तुझ्या पायऱ्या मोजल्या. छत्तीस मिलिमीटर. सदतीस. एकोणचाळीस. एक्केचाळीस. चव्वेचाळीस. सत्तेचाळीस.

पुन्हा मोजल्या. मग चष्मा काढून मोजल्या. मग हिला मोजायला लावल्या. तिने तेच आकडे सांगितले आणि गार झालेला चहा उचलून आत गेली.

दादा, तू त्या बरोबर काढल्या होत्यास. सगळ्या.

आता मी जे लिहिणार आहे ते आपण दोघं कधीच बोललो नाही. त्या वर्षी तुझा हात थरथरायला लागला होता. तू तो टेबलाखाली ठेवायचास, चहाचा कप डाव्या हाताने उचलायचास, मीटिंगमध्ये पेन्सिल नुसती धरून बसायचास आणि लोकांना वाटायचं साहेब विचार करताहेत. ऑफिसात हे फक्त मला माहीत होतं. आणि मला माहीत आहे हे तुला माहीत होतं. तुझी स्केचं माझ्याकडे यायची ती लहरी घेऊन यायची, मी ती ट्रेसिंग पेपरखाली घालायचो, आणि वर निघायची ती पोलादाच्या तारेसारखी. कोणाला पत्ता लागला नाही. मला त्याचा केवढा अभिमान होता!

हे स्केच आलं तेव्हा मी बघितलं: पहिली पायरी छत्तीस, पुढची जरा जास्त, पुढची आणखी. मनात म्हटलं, बिचाऱ्याचा हात आज फारच हललाय. पहिली पायरी प्रमाण धरली आणि बाकीच्या पाच तिच्यासारख्या करून टाकल्या. पाच मिनिटांचं काम. मग लांबून बघितलं आणि खूश झालो. मास्तरांच्या कवितेच्या ओळींसारख्या दिसत होत्या, एकसारख्या मात्रांच्या.

आणि कविता काय होती आठवतंय? तू जिच्यात अडकलास ती?

पहिली पायरी पायांची अन् दुसरी ती श्वासांची,
तिसरी चढता उंची कळते आपुल्याच डोळ्यांची.

पासष्ट वर्षं मी ती घोकतोय. त्यात मास्तर चक्क सांगताहेत की पायऱ्या एकसारख्या नसतात. मला चाल ऐकू आली, अर्थ ऐकू आला नाही.

तर ड्राफ्टिंगची चूक होती. तू समितीपुढे खोटं बोलला नाहीस. हे मी कबूल करतो, आणि एकदाच करतो, पुन्हा मागू नकोस.

आता तुझी पाळी.

माझी ट्रेसिंग सहीसाठी तुझ्या टेबलावर आली तेव्हा तू ती बघितलीस का? नाही बघितलीस. कारण रेघ्याने काढली म्हणजे बरोबरच असणार. की बघितलीस, आणि ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं म्हणजे म्हणावं लागलं असतं, 'अरे, हा हात हलल्याचा फरक नाही, मुद्दाम काढलाय'? आणि ते म्हटलं की हात हलतो हे तोंडातून निघालं असतं? यातलं कुठलं खरं ते तुला माहीत. पण समितीच्या दिवशी तरी तुला माहीत होतं. हे स्केच तू त्यांच्यापुढे टाकलं असतंस तर एका मिनिटात सुटला असतास. टाकलं नाहीस. नळीत घालून अकरा वर्षं ठेवलंस. मला वाचवायला, की तुझ्या लहरी लपवायला, हे मी विचारणार नाही.

पण मला एका शब्दाने बोलला नाहीस, दादा. बंद खोलीत, कानफटात मारून, ढकलून, कसंही सांगायचं होतंस. मी अकरा वर्षं एका नसलेल्या कठड्याशी भांडत बसलो. चूक माझी होती. हे गप्प बसणं तुझं. दोन्हींत कुठलं मोठं ते मोजायला माझ्याकडे पट्टी नाही, पण तुझं लहान नाही एवढं नक्की.

आक्काचा काल फोन होता. तू म्हणालास म्हणे की आता तरी तो प्रकल्प मागे घेईल. आता तर मुळीच घेत नाही! आधी तुझी चूक दाखवायला निघालो होतो, आता माझी दाखवणार. एकाहत्तराव्या वर्षी स्वतःची चूक मापासकट सापडायला नशीब लागतं.

स्केच परीक्षेत दाखवणार नाही म्हणालो होतो, तो शब्द पाळतो. बाकी काही पाळत नाही.

तुझा,
रेघ्या


२२ मार्च

दादा,

झालं. प्रकल्प पंधराला जमा केला, काल परीक्षकांपुढे उभा राहिलो. तीन जण होते, तिघेही आपल्या ऑफिसच्या पाटीपेक्षा वयाने लहान. ही मागे भिंतीला टेकून उभी होती. कुणी खुर्ची दिली तरी बसली नाही. "बसले की दिसत नाही, हा मला अनुभव आहे," म्हणाली.

दोन सेक्शन लावले. एक आज उभ्या असलेल्या इमारतीचा, सारख्या पायऱ्यांचा. दुसरा माझा नवा: जुन्या पायऱ्यांना हात न लावता त्यांच्यावर लोखंडी चौकटी, वर प्लायवूडची फळी, प्रत्येक रांग हवी तेवढी उचललेली. वजन किती वाढतं, बाल्कनीच्या तुळया ते पेलतात का, छत डोक्याला लागतं का, बाहेर पडायच्या वाटा किती रुंद राहतात, सगळं बाईंनी माझ्याकडून तीन-तीनदा करून घेतलं होतं. कॉम्प्युटरवर काढावं लागतं, पण पायऱ्यांचा कागद मी हाताने काढला, शाईने. परवानगी मागितली नाही.

एकाने विचारलं, "मूळ चूक कशी झाली?"

"आर्किटेक्टने चढत्या पायऱ्या काढल्या होत्या. ड्राफ्ट्समनने त्या सारख्या केल्या."

"ड्राफ्ट्समन कोण होता?"

"तुमच्यासमोर उभा आहे."

दुसरा जरा हळू आवाजात म्हणाला, "मग दोष आर्किटेक्टचा की तुमचा?"

"काढलं मी. सही त्याने केली. विचारलं कोणीच कोणाला नाही."

"पण चौतीस वर्षं काम केलेल्या माणसाने असा फरक नजरेआड का केला?"

ते मी सांगितलं नाही, दादा. "ते घरचं आहे," म्हटलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

दुसऱ्या वर्गात पास झालो. पोरं पहिल्या वर्गासाठी परीक्षकांशी हुज्जत घालायला निघाली होती, मी थांबवलं. मला दुसरा पुरतो. आयुष्यात पहिल्यांदा कागदाच्या खालच्या कोपऱ्यात 'रेखाटन' या शब्दापुढे नाही, 'आराखडा' या शब्दापुढे माझं नाव आलं. बराच वेळ बघत बसलो होतो.

रेघ्या


८ एप्रिल

दादा,

शेवटचं काम, मग तुझ्या डोक्याची कटकट संपली.

पडदेवाल्याने माझ्या नकाशाची प्रत नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला दाखवली. त्यालाही त्या दोरीचा वीट आलाय. विश्वस्तांची बैठक झाली, ते करायला तयार आहेत. सुट्टीच्या दोन महिन्यांत चौकटी बसतील. पडदेवाला म्हणाला, दोरी तो स्वतः कापणार, त्याने कात्रीला धारसुद्धा लावून आणलीय.

एकच अडलंय. मूळ बांधकामात बदल करायचा तर मूळ आर्किटेक्टची सही लागते, इथे टेप लावून पळवाट निघत नाही. व्यवस्थापक मला म्हणाला, "तुम्ही जरा गोड बोलून बघा." म्हटलं, "गोड बोलणं आमच्यात नाही, पण बघतो."

नकाशा सोबत पाठवतोय, त्याच पत्र्याच्या नळीत. तुझं स्केचही परत घातलंय, ते तुझं आहे. दोन्ही एकावर एक ठेव आणि खिडकीच्या काचेवर धर. ट्रेसिंगचं काचेचं टेबल तू विकून टाकलंस असं आक्का म्हणाली. तुझ्या पायऱ्या आणि माझ्या पायऱ्या एकमेकींवर बसताहेत का ते पट्टी लावून बघ. कुठे एका मिलिमीटरचाही फरक सापडला तर मला ताबडतोब फोन कर आणि ओरड. नंबर आक्काकडे आहे. ओरडायचं असेल तर पहाटे कर, वाटेल तेव्हा कर, पण गप्प बसू नकोस.

फरक नसेल तर खालच्या उजव्या कोपऱ्यात सहीची जागा मोकळी ठेवलीय. या वेळी बघून सही कर.

हात हलला तर हलू दे. मी सरळ करायला येणार नाही.

तुझा धाकटा